डिव्हाइस मेमरी टीसीपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या आमच्या लिनक्सवाल्या मंडळींत सध्या एकच विषय फिरतोय: नेटवर्कवरून आलेला डेटा रॅममध्ये न उतरवता थेट जीपीयूच्या मेमरीत कसा घ्यायचा. लिनक्समधल्या या सोयीचं नाव डिव्हाइस मेमरी टीसीपी; टीसीपी म्हणजे पॅकेटांत पाठवलेला डेटा हरवणार नाही, क्रम चुकणार नाही हे सांभाळणारी नियमावली. विचारणारे तऱ्हेतऱ्हेचे आहेत. कुणी अंबडच्या कारखान्यात कॅमेऱ्यानं पार्ट तपासायची यंत्रणा बसवतो, कुणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कुणी पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम गंगापूर रोडवरच्या घरातून करतो. प्रश्न मात्र फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना या सोयीची गरज नसते, हे आधीच सांगून टाकतो. का नसते, ते कळायला मात्र ती नीट समजून घ्यावी लागते.

हे नेमकं आहे काय?

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१२ कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, ही सोय दाखल झाली. मूळ काम गूगलच्या अभियंत्यांचं. एरवी काय होतं? नेटवर्क कार्ड पॅकेट आणून रॅममध्ये टाकतं, कर्नल त्यावर टीसीपीचे सोपस्कार करतं, आपला प्रोग्राम तो डेटा स्वतःच्या बफरमध्ये कॉपी करून घेतो आणि मग तिथून तो जीपीयूकडे पाठवतो. या सगळ्यात रॅमचा उपयोग निव्वळ थांब्यापुरता. नव्या पद्धतीत कार्ड प्रत्येक पॅकेटचे दोन भाग करतं. हेडर, म्हणजे पत्ता-क्रमांकाची माहिती, रॅममध्ये जातं; पेलोड, म्हणजे खरा डेटा, थेट जीपीयूच्या मेमरीत.

पिंपळगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव झाला की चिठ्ठीवर हिशेब चालतो आणि ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाऊन रिकामा होतो, कांदा काही कुणी कचेरीत नेत नाही. इथेही कर्नलच्या हातात चिठ्ठी राहते, माल परस्पर खळ्यावर.

म्हणजे टीसीपी जीपीयूवर चालतं का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो. पोच देणं, हरवलेलं पॅकेट परत मागवणं, क्रम लावणं, गर्दी दिसली की वेग कमी करणं, हे सगळं पूर्वीसारखं सीपीयूवर, कर्नलमध्येच होतं. या कामांना पेलोडमधलं एक अक्षरही वाचावं लागत नाही. हेडरमधले आकडे पुरतात. सगळी युक्ती याच गोष्टीवर उभी आहे.

यात वाचतं तरी किती?

आकडेमोड करूनच बघा. २०० गिगाबिटचं कार्ड पूर्ण भरून चाललं तर सेकंदाला २५ जीबी डेटा येतो. कार्डानं तो रॅममध्ये लिहिला: २५. प्रोग्रामनं सॉकेटमधून वाचताना कर्नलनं कॉपी केली, म्हणजे एकदा वाचणं आणि एकदा लिहिणं: ५०. मग जीपीयूनं तो रॅममधून ओढून घेतला: आणखी २५. झाले १००. आलेला डेटा २५ जीबी आणि रॅमच्या बसवर वर्दळ १०० जीबीची. सीपीयूची कॅश यातलं थोडं झेलते, पण इतक्या वेगाला ती फार काळ पुरत नाही.

आता जीपीयूच्या मोठ्या सर्व्हरमध्ये अशी चार कार्डं धरा. सेकंदाला ४०० जीबी. डीडीआर५-४८०० मेमरीच्या एका चॅनेलची कमाल क्षमता ३८.४ जीबी, आठ चॅनेलची ३०७.२. गणित इथेच बसत नाही. प्रत्यक्षात कमाल क्षमताही कधी हाती लागत नाही, आणि सीपीयूला स्वतःच्या कामासाठीही रॅम लागतेच. पेलोड रॅमला वळसा घालून गेला की ही सगळी वर्दळ संपते, उरतात फक्त हेडर. टाइमस्टॅम्पसकट आयपी आणि टीसीपीची हेडर धरली तर आयपीव्ही४ मध्ये ती पॅकेटमागे ५२ बाइट होतात, इथरनेटची १४ वेगळी.

दुसरी बचत पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे यंत्राच्या आत कार्डं जोडणाऱ्या, मार्गावरची. कार्ड आणि जीपीयू एकाच पीसीआय स्विचखाली असतील तर डेटा खालच्या खालीच जातो, सीपीयूच्या रूट कॉम्प्लेक्सपर्यंत (त्या मार्गाच्या मुळापर्यंत) चढून पुन्हा उतरत नाही.

आमच्याकडे १० गिगाबिटचं कार्ड आणि एक जीपीयू आहे. फायदा होईल का?

मोजण्याइतका नाही. वरचंच गणित लावा: सेकंदाला १.२५ जीबी, चारपट केले तरी ५. साध्या डेस्कटॉपमधल्या दोन चॅनेलच्या डीडीआर४-३२०० मेमरीची क्षमता ५१.२ जीबी आहे. म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा. तुमचा प्रोग्राम हळू चालत असेल तर त्याचं कारण दुसरं आहे. बहुतेक वेळा डेटा उलगडणारा एकच थ्रेड शंभर टक्क्यांवर अडकलेला असतो, किंवा जीपीयूकडे पाठवायचा बफर पिन केलेला (रॅममध्ये जागेवर खिळवलेला) नसतो. आधी पर्फ हे वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन लावून बघा आणि मग बोला.

अंबडला कॅमेऱ्यांची तपासणी यंत्रणा आहे, कॅमेऱ्यातून फ्रेम थेट जीपीयूत घ्यायच्या आहेत. हेच वापरू ना?

कारखान्यातले औद्योगिक कॅमेरे बहुधा गिगई व्हिजन या मानकाचे असतात आणि त्यांच्या फ्रेम यूडीपीवरून, म्हणजे टीसीपीहून वेगळ्या पद्धतीनं, येतात. ही सोय टीसीपीची आहे. विषय तिथेच मिटला. शिवाय नावाप्रमाणे या कॅमेऱ्याची जोडणी बहुतेकदा एक गिगाबिटची असते, तेव्हा रॅम अडवतेय ही शंकाच काढून टाका.

आणि सिंहस्थासाठी हजार कॅमेरे एका ठिकाणी आणले तर?

२०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय तसा हा प्रश्न वाढतोय. साधा एचडी कॅमेरा कॉम्प्रेस केलेलं चित्र पाठवतो. सेकंदाला ४ मेगाबिट धरा, हजारांचे झाले ४ गिगाबिट. नेटवर्कच्या दृष्टीनं हे किरकोळ आहे. खरा बोजा पडतो तो ही हजार चित्रं उलगडण्याचा, म्हणजे डीकोडरचा. तिथे पैसे घाला.

मग याची गरज पडते कुणाला?

अनेक सर्व्हरवर पसरलेलं मॉडेल ट्रेनिंग हे पहिलं आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तिथे प्रत्येक जीपीयूला दर फेरीला दुसऱ्या जीपीयूंकडून ग्रेडियंट (मॉडेल सुधारायचे आकडे) घ्यावे लागतात, आणि ते येईपर्यंत लाखमोलाचे जीपीयू बसून राहतात. दुसरा वापर दूरच्या स्टोअरेजमधून डेटा थेट डिव्हाइसमध्ये भरण्याचा. नाशिकमध्ये असं यंत्र दाराशी नसलं तरी क्लाउडवर भाड्यानं घेऊन काम करणारे आहेत, पुढची बहुतेक उत्तरं त्यांच्यासाठी.

याने नाशिक-मुंबई इंटरनेट लाइन वेगवान होईल का?

नाही. ही करामत एका यंत्राच्या आतली आहे.

कार्डात काय काय असावं लागतं?

चार गोष्टी. पहिली, हेडर-डेटा स्प्लिट: हेडर आणि पेलोड वेगवेगळ्या बफरमध्ये टाकण्याची क्षमता. ही नसेल तर पुढे वाचण्यात अर्थ नाही, कारण कर्नलला हेडर वाचता आलंच पाहिजे आणि जीपीयूच्या मेमरीतलं ते वाचू शकत नाही. दुसरी, फ्लो स्टिअरिंग: ठरावीक कनेक्शनची पॅकेटं ठरावीक क्यूवरच, म्हणजे कार्डातल्या ठरावीक रांगेतच, आणणं. तिसरी, इतर सगळी पॅकेटं त्या क्यूपासून लांब ठेवता येणं. चौथी, चेकसम (डेटा शाबूत आहे का ते सांगणारा आकडा) कार्डानंच तपासणं, कारण पेलोड न वाचता सीपीयू चेकसम काढणार कसा?

हार्डवेअर असून भागत नाही, ड्रायव्हरलाही ते यावं लागतं. क्यूची मेमरी बदलायची तर ती क्यू बंद करून पुन्हा चालू करावी लागते, आणि बाकीच्या क्यूंना धक्का न लावता एकच क्यू अशी फिरवणं हे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी किचकट काम आहे. ब्रॉडकॉम आणि एनव्हिडियाच्या वेगवान कार्डांच्या ड्रायव्हरमध्ये ते ६.१२ नंतरच्या आवृत्त्यांत टप्प्याटप्प्यानं आलं. म्हणून डेबियन १३ मध्ये ६.१२ कर्नल आहे एवढ्यावर खूश होऊ नका. पाया त्यात आहे, तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर कदाचित नसेल. उबुंटू २४.०४ चं मूळ कर्नल तर ६.८, त्यात काहीच नाही. अशा कामासाठी ताजं कर्नल स्वतः बांधून घेणं बरं पडतं.

लॅपटॉपच्या मदरबोर्डवरचं लॅन कार्ड? सोडा.

सेटअपचा क्रम काय?

इथटूल या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या आदेशानं आधी टीसीपी डेटा स्प्लिट चालू करा आणि त्याची मर्यादा, म्हणजे थ्रेशोल्ड, शून्यावर ठेवा. शून्य याचा अर्थ पॅकेट कितीही लहान असो, फाळणी व्हायलाच हवी. मग आरएसएसला, म्हणजे पॅकेटं क्यूंत वाटणाऱ्या व्यवस्थेला, सांगा की सर्वसाधारण वाहतूक पहिल्या आठ क्यूंतच वाटायची. समजा कार्डाला सोळा क्यू आहेत, तर शेवटची, १५ क्रमांकाची, आपल्यासाठी मोकळी राहिली. मग एनट्यूपल, म्हणजे स्टिअरिंगचे नियम लिहायची सोय, चालू करून नियम लिहा: अमुक पत्त्यावरून अमुक पोर्टवर येणारं कनेक्शन १५ वर. काही कार्डांना दोन्ही बाजूंचे पत्ते आणि दोन्ही पोर्ट लागतात, तेव्हा पाठवणाऱ्याकडचा पोर्टही बांधून ठेवावा लागतो.

हे झालं की जीपीयूच्या मेमरीचा तुकडा डीएमए-बफ म्हणून बाहेर काढायचा. डीएमए-बफ ही डिव्हाइसांनी आपापसांत मेमरी वाटून घ्यायची कर्नलमधली जुनी व्यवस्था, २०१२ च्या ३.३ कर्नलपासूनची. एनव्हिडियाचं कुडा आणि एएमडीचं रॉकएम, जीपीयूसाठी प्रोग्राम लिहायच्या या दोन्ही व्यवस्थांत त्यासाठी फंक्शन आहे. एनव्हिडियाच्या बाबतीत ड्रायव्हरचं ओपन कर्नल मॉड्यूल लागतं. हातात आलेला फाइल डिस्क्रिप्टर (त्या बफरची ओळख सांगणारा आकडा), नेटवर्क इंटरफेसचा क्रमांक आणि क्यूचा क्रमांक नेटलिंक या कर्नलशी बोलायच्या मार्गावरून बाइंड-आरएक्स या आदेशानं कर्नलला द्यायचे. कर्नल क्यू फिरवून घेतं आणि त्या बफरचा एक आयडी परत देतं. याला नेटवर्क ॲडमिनचा अधिकार लागतो.

इथे बरेच जण एका जागी ठेचकाळतात. बाइंडिंगचं आयुष्य त्या नेटलिंक सॉकेटशी बांधलेलं असतं. सॉकेट बंद झालं की बाइंडिंग सुटलं. छोट्या स्क्रिप्टनं बाइंड करून स्क्रिप्ट संपवली, तर क्यू लगेच पूर्वपदावर येते आणि माणूस डोकं खाजवत बसतो.

बाइंड केल्याबरोबर माझं एसएसएच तुटलं. का?

तुमचं एसएसएचचं, म्हणजे दुरून लॉगिन केलेलं, कनेक्शन त्याच क्यूवर येत होतं. त्याचाही पेलोड आता जीपीयूच्या मेमरीत उतरला. एसएसएचच्या सर्व्हरनं नेहमीसारखं वाचायला घेतलं, तर कर्नलनं ई-फॉल्ट ही त्रुटी तोंडावर मारली. कर्नलचं यात चुकत नाही. जो डेटा सीपीयूला वाचताच येत नाही, तो साध्या बफरमध्ये आणून देणार कुठून? म्हणून आरएसएस आधी आवरायचा आणि मग बाइंड करायचं, हा क्रम सोडू नका. क्लाउडवरच्या यंत्रात कन्सोलची सोय आहे ना, तेही आधी बघून ठेवा, नाहीतर यंत्र आतून बंद झालेल्या खोलीसारखं होतं.

याच गोष्टीला सुरक्षेचीही बाजू आहे. बाइंड केलेल्या क्यूवर जे येईल ते त्या बफरमध्ये पडणार, आणि तो बफर ज्याच्या हातात आहे त्याला सगळंच दिसणार. एका क्यूवर दोन वेगळ्या ग्राहकांची कनेक्शनं आणू नका.

प्रोग्राममध्ये काय बदलावं लागतं?

सॉकेट उघडणं, लिसन, ॲक्सेप्ट सगळं तेच. रिसीव्ह-मेसेज बोलावताना एमएसजी-सॉक-डेव्हमेम हा फ्लॅग द्यायचा आणि सोबत कंट्रोल मेसेजसाठी ऐसपैस बफर. एरवी आपण डेटाची वाट बघतो, इथे मिळतात त्या डेटाच्या खुणा. प्रत्येक तुकड्यामागे एक कंट्रोल मेसेज: डीएमए-बफमध्ये कुठून सुरू, लांबी किती, कुठल्या आयडीचा बफर, आणि एक टोकन. ही माहिती घेऊन जीपीयूला कामाला लावायचं.

दुसऱ्या प्रकारचा मेसेजही येऊ शकतो, लिनिअर नावाचा. कार्डाला पॅकेटची नीट फाळणी करता आली नाही आणि काही भाग रॅममध्येच उतरला, असा त्याचा अर्थ. तेवढा भाग तुम्ही दिलेल्या साध्या बफरमध्ये येतो. आणि एकही कंट्रोल मेसेज आला नाही तर पॅकेट बाइंड न केलेल्या क्यूवरून आलंय, म्हणजे तुमचा स्टिअरिंगचा नियम लागलेला नाही. तिन्ही शक्यता हाताळा. नमुना म्हणून लिहिलेल्या कोडमध्ये फक्त पहिली हाताळलेली असते आणि मग दिवसातून एखाद्या वेळी डेटा मधूनच गहाळ होतो.

डेटा जीपीयूत सलग येतो का?

येत नाही, आणि जाहिरातबाजीत नेमकं हेच कुणी सांगत नाही. पेलोड पानापानाच्या, सहसा ४०९६ बाइटांच्या, तुकड्यांत बफरभर विखुरलेला असतो. टीसीपीच्या दृष्टीनं लागून असलेले दोन तुकडे बफरच्या दोन टोकांना असू शकतात. तुमच्या टेन्सरला (आकड्यांच्या तक्त्याला) सलग जागा लागत असेल तर जीपीयूवर छोटं कर्नल (लिनक्सचं नव्हे, जीपीयूवर चालणाऱ्या फंक्शनलाही कर्नलच म्हणतात) चालवून ते गोळा करावे लागतात. म्हणजे कॉपी पूर्णपणे टळली नाही, ती जीपीयूच्या आत गेली. तिथली मेमरी इतकी वेगवान असते की सहसा ते परवडतं.

थोडी मदत एमटीयूनं, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकारानं, होते. १५०० च्या एमटीयूत पेलोड १४४८ बाइट, त्याचा ४०९६ च्या पानाशी काही मेळ बसत नाही. एमटीयू ४१४८ ठेवला तर आयपीव्ही४ आणि टाइमस्टॅम्पची ५२ बाइट वजा जाऊन बरोबर ४०९६ उरतात. आयपीव्ही६ चं हेडर २० बाइटनं मोठं, म्हणून तिथे ४१६८. मधल्या स्विचांनाही तो एमटीयू चालला पाहिजे, हे सांगायला नको.

सुरुवातीला फर्राट चालतं आणि काही क्षणांत ठप्प होतं. काय बघू?

टोकन. जवळजवळ नेहमी टोकनच असतात.

तुकडा तुमच्या हाती आला की तो कर्नलच्या हिशेबात तुमच्या नावावर चढतो. काम झाल्यावर सेट-सॉक-ऑप्टनं, डेव्हमेम-डोन्टनीड या पर्यायासह, टोकन परत करायचं असतं. केलं नाही तर ती जागा अडकून राहते. बफरला काही अंत आहे. ६४ एमबीचा बफर घेतला तर त्यात ४०९६ बाइटांचे १६,३८४ तुकडे. २०० गिगाबिटच्या कार्डावर तेवढे भरायला तीन मिलिसेकंदही लागत नाहीत, १० गिगाबिटवर साधारण ५४ मिलिसेकंद. त्यानंतर कार्डाला पेलोड टाकायला जागाच नाही, पॅकेटं गळतात. पाठवणाऱ्याला वाटतं नेटवर्कमध्ये गर्दी आहे, तो वेग खाली आणतो, आणि तुम्ही बिचाऱ्या स्विचला दोष देत बसता.

ओळखायचं कसं? इथटूलच्या आकडेवारीत बफर नसल्यामुळे गळालेल्या पॅकेटांचा आकडा असतो, नाव ड्रायव्हरगणिक वेगळं. तो वाढतोय का बघा. त्याच वेळी पाठवणाऱ्या बाजूला एसएस हा सॉकेटची माहिती देणारा आदेश लावून पुन्हा पाठवलेली पॅकेटं वाढताहेत का, तेही बघा. दोन्ही वाढत असतील तर निदान झालं.

टोकन एकेक करून परत करू नका, प्रत्येक वेळी सिस्टम कॉलचा खर्च पडतो. सुरुवातीचा क्रमांक आणि किती, अशी जोडी देऊन गठ्ठ्यानं परत करता येतात. पण एका कॉलमध्ये किती जोड्या आणि किती तुकडे स्वीकारायचे याला कर्नलची मर्यादा आहे, त्यामुळे परत आलेली संख्या तपासा. जीपीयूचं काम असिंक्रोनस असतं, त्यामुळे टोकन केव्हा सोडायचं हा खरा डिझाइनचा प्रश्न. गोळा करण्याचं काम संपल्याची खूण मिळाली की लगेच सोडा, पूर्ण ट्रेनिंगची पायरी संपायची वाट बघत बसू नका. सॉकेट बंद केलं की अडकलेले तुकडे कर्नल आपणहून सोडवतं, पण त्यावर विसंबून प्रोग्राम लिहायचा नसतो.

कर्नलच्या आत काय बदललं? परीक्षेच्या नव्हे, कुतूहलाच्या दृष्टीनं विचारतोय.

असा प्रश्न आला की बरं वाटतं. कर्नलचा नेटवर्क विभाग वर्षानुवर्षं एक गोष्ट गृहीत धरून होता: पॅकेटचा डेटा रॅमच्या पानात असतो आणि त्या पानाला स्ट्रक्ट-पेज नावाची नोंद असते. जीपीयूच्या मेमरीला अशी नोंद नसते. २०२३ च्या पहिल्या मसुद्यात तिच्यासाठी तशा नोंदी तयार करायची कल्पना होती, समीक्षेत ती टिकली नाही. मग नेट-आयओव्ही ही वेगळी रचना आली, डिव्हाइस मेमरीच्या एकेका तुकड्याची नोंद ठेवणारी.

आता एकाच जागी कधी पेजचा पत्ता असणार, कधी नेट-आयओव्हीचा. ओळखायचं कसं? कर्नलमधल्या या रचनांचे पत्ते नेहमी अलाइन केलेले असतात, त्यामुळे पत्त्याचा शेवटचा बिट कायम शून्य असतो, म्हणजे फुकट जातो. तोच बिट वापरला. एक असेल तर नेट-आयओव्ही, शून्य असेल तर पेज. या दुहेरी पत्त्याला नेटमेम-रेफ म्हणतात, आणि त्याला वेगळा टाइप दिलाय, म्हणजे कुणी तो चुकून सरळ पेज समजून वापरला तर कंपायलरच हटकतो. जुन्या कोडमध्ये नवी कल्पना कशी रिचवावी याचा हा झकास नमुना आहे, आणि मला तरी अख्ख्या कामातला सगळ्यात देखणा भाग हाच वाटतो.

ड्रायव्हर बफर मागतात ते पेज-पूलकडे. पेज-पूलला आता मेमरी प्रोव्हायडर जोडता येतो, त्यामुळे ड्रायव्हरला रॅम मिळतेय की जीपीयूची मेमरी याची फिकीर फारशी करावी लागत नाही.

टीसीपी-डम्प चालेल का? फायरवॉल? एन्क्रिप्शन?

टीसीपी-डम्प या पॅकेटं बघायच्या साधनाला हेडर दिसतील, पेलोड नाही. कर्नलच्या आत चालणाऱ्या छोट्या बीपीएफ प्रोग्रामचंही तसंच. पत्ते आणि पोर्ट बघणारे फायरवॉलचे नियम चालतात, आत डोकावणारे नाहीत. लूपबॅकवर, म्हणजे यंत्राच्या स्वतःशीच जोडलेल्या कनेक्शनवर, ही सोय चालत नाही, आणि त्याच क्यूवर एएफ-एक्सडीपी (पॅकेटं थेट प्रोग्रामला देणारी दुसरी सोय) हीही नाही. सीपीयूवर चालणारं टीएलएस एन्क्रिप्शन बाद, कारण त्याला पेलोड वाचायचाच असतो. उलगडणं जीपीयूवर करा किंवा बंदिस्त नेटवर्कवरच वापरा.

कार्ड आणि जीपीयू एकाच मदरबोर्डवर आहेत, तेवढं पुरतं ना?

चालेल, पण वेग मिळेलच असं नाही. एनव्हिडियाच्या एसएमआय टूलमध्ये टोपोलॉजीचा तक्ता काढून कार्ड आणि जीपीयूच्या चौकटीत काय लिहिलंय ते बघा. पिक्स म्हणजे मध्ये फार तर एक पीसीआय ब्रिज, उत्तम. पीएक्सबी म्हणजे एकाहून जास्त ब्रिज, पण सीपीयूच्या होस्ट ब्रिजपर्यंत जात नाही, तेही छान. पीएचबी दिसलं की डेटा होस्ट ब्रिजमधून जातोय. आणि सिस असेल तर दोन सीपीयूंमधला दुवाही ओलांडतोय, तिथे कमाईतली बरीच गळते. बायोसमधलं एसीएस (डिव्हाइसांना परस्पर बोलू न देणारी सोय) चालू असेल तर एका स्विचखालची वाहतूकही वर पाठवली जाऊ शकते. ते बंद करताना व्हर्च्युअल मशीनमधलं एकमेकांपासूनचं संरक्षणही सैल होतं, तेव्हा विचार करून.

आरडीएमए असताना याची गरज काय?

आरडीएमए, म्हणजे दुसऱ्या यंत्राच्या मेमरीत कार्डानंच थेट वाचायचं-लिहायचं तंत्र, जुनं, मुरलेलं आणि लेटन्सीत (विलंब कमी ठेवण्यात) सरस. जीपीयूच्या मेमरीत थेट लिहिणं त्याला कधीपासून येतं. पण रोसई (RoCE, इथरनेटवरचं आरडीएमए) नीट चालवायचं तर स्विचांवर पॅकेट न गळण्याची व्यवस्था लावावी लागते, कनेक्शनची सगळी अवस्था कार्डात राहते, आणि प्रोग्राम वेगळ्याच पद्धतीनं लिहावा लागतो. टीसीपी कुठल्याही इथरनेटवर चालतं, पॅकेट गळालं तरी सावरतं, आणि काय बिघडलं ते बघायला हजार साधनं आहेत. त्याबदल्यात सीपीयूला राबावं लागतं. इन्फिनीबँड हे आरडीएमएचं खास नेटवर्क आधीच बसवलेलं असेल तर ते काढून इकडे येऊ नका. साध्या इथरनेटवर मोठं काम उभं करायचं असेल तर ही वाट बघा.

आणि आयओ-युरिंगचं झिरो-कॉपी?

आयओ-युरिंग ही कर्नलकडे वाचण्या-लिहिण्याची कामं सोपवायची पद्धत; तिचं हे कॉपी टाळून डेटा घेणं लिनक्स ६.१५ मध्ये, मे २०२५ ला आलं. तेही याच मेमरी प्रोव्हायडरच्या पायावर उभं आहे, हेडर स्प्लिट आणि स्टिअरिंग त्यालाही लागतं. डेटा शेवटी रॅममध्येच हवा असेल आणि फक्त कॉपी टाळायची असेल तर ते घ्या.

उलट दिशेनं, जीपीयूतून पाठवता येतं?

हो, ६.१६ पासून, म्हणजे जुलै २०२५. बाइंड-टीएक्सनं बफर जोडायचा, सॉकेट त्या इंटरफेसशी बांधायचं, आणि झिरो-कॉपीचा फ्लॅग लावून सेंड-मेसेज करायचं. पत्त्याच्या जागी बफरमधला ऑफसेट जातो, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. पाठवणं घेण्यापेक्षा बरंच सोपं: हेडर स्प्लिट नको, स्टिअरिंग नको. पाठवून झाल्याची खबर एरर क्यूवर येते, ती येईपर्यंत त्या जागेवर काही लिहू नका.

कॉलेजच्या मेगा प्रोजेक्टसाठी करायचंय, पण जीपीयू नाही.

जीपीयू नसला तरी अडत नाही. यूडीएमए-बफ नावाची सोय २०१८ पासून कर्नलमध्ये आहे. ती साध्या रॅमच्या तुकड्याला डीएमए-बफचं रूप देते. कर्नलच्या दृष्टीनं तो परक्याचाच बफर, पण तुम्हाला मात्र मॅप करून आत डोकावता येतं. कर्नलच्या सोर्समध्येच सेल्फटेस्ट विभागात एनसी-डेव्हमेम नावाचा प्रोग्राम आहे, तो हेच वापरतो. समोरच्या यंत्रावरून साध्या नेटकॅटनं १ ते ६ आणि मग शून्य असा ७ बाइटांचा साचा सतत पाठवायचा. इकडे एनसी-डेव्हमेमला ७ हा आकडा दिला की तो प्रत्येक बाइट जुळतोय का ते तपासतो.

कार्ड मात्र खरं लागतं, आणि ते कॉलेजच्या लॅबमध्ये बहुतेक नसतं. मार्गदर्शक सरांना विषय देण्याआधी कार्डाची सोय लावा, उलटं केलं की सेमिस्टर संपतं. तोवर कोड वाचा. कर्नलच्या नेट फोल्डरमध्ये कोअर, त्यात डेव्हमेम नावाची सी फाइल, ती फार मोठी नाही. ती संपली की टीसीपीच्या मुख्य फाइलमध्ये डीएमए-बफ असं नाव असलेलं रिसीव्हचं फंक्शन शोधा. टोकन कुठे तयार होतं आणि कुठे मोडतं हे त्या दोन फाइलींतून कागदावर काढता आलं, की तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर काय विचारतील ते विचारू देत.